खाड्यांचा हिशेब : रोज लिहिण्याच्या एका महिन्याने काय शिकवले

'रोज लिहा' हा उपदेश हल्ली फार स्वस्त झाला आहे. मोबाईल उघडला की कुणी ना कुणी सांगतच असतो : तीस दिवस रोज लिहा, एकही दिवस चुकवू नका, तुमचे आयुष्य बदलेल. आणि दिवस चुकला तर? तर तुमच्यात शिस्त नाही, इच्छाशक्ती नाही, तुम्हाला मनापासून लिहायचेच नाही! हा निकाल देणाऱ्याने दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत राहून, रात्री साडेअकराला पाण्याचे हंडे भरून आणि पहाटे पाचला उठून घरच्यांचे डबे करून मग वही उघडली आहे काय? नसेल, तर आमच्या पोरापोरींच्या इच्छाशक्तीवर बोलण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

रोज लिहिण्याला आमचा विरोध नाही. उलट आंबेडकरी तरुण-तरुणींनी रोज लिहिलेच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. एक महिना तसे प्रत्यक्ष करून बघितल्यानंतरच ते बनले आहे. परंतु आपण कशासाठी लिहितो, कुणाच्या मोजपट्टीने मोजतो आणि चुकलेल्या दिवसाचे काय करतो, हे प्रश्न आपण आपल्या बाजूने सोडवले नाहीत, तर आपल्याला कमी लेखणाऱ्या शंभर परीक्षांत ही आणखी एक परीक्षा जमा होईल.

कल्पना कुठली, गृहीतक कुणाचे?

महिनाभर रोज लिहिण्याच्या या उपक्रमाचे जे रूप आज जगभर माहीत आहे, ते अमेरिकेतले. 1999 साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने आपल्या मित्रमंडळींना जमवले आणि 21 जणांनी एका महिन्यात कादंबरी लिहायचा घाट घातला. पुढच्या वर्षापासून त्यासाठी नोव्हेंबर महिना ठरला. 50,000 शब्द हे लक्ष्य, म्हणजे दिवसाला साधारण 1,667 शब्द. पुढे लाखो लोक त्यात सामील झाले.

या कल्पनेत घेण्यासारखे आहे. कामाला ठरलेली सुरुवात आहे, ठरलेला शेवट आहे आणि सोबतीला माणसे आहेत. 'सुचले की लिहीन' म्हणणारा माणूस कधीच लिहीत नाही, हे त्यामागचे निरीक्षणही खरे आहे. पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे. प्रत्येकाच्या मालकीचा रोज एक-दोन तासांचा मोकळा वेळ असतोच, फक्त तो वापरायची इच्छा हवी, असे ही कल्पना धरून चालते. जातीने आणि लिंगाने ज्या समाजात श्रमाची वाटणी केली, त्या समाजात वेळेचीही वाटणी झालेली असते. कुणाचा वेळ त्याचा स्वतःचा असतो, कुणाचा मुकादमाचा, कुणाचा टँकरवाल्याचा, तर कुणाचा घरातल्या प्रत्येकाचा. मोकळा वेळ हीसुद्धा मालमत्ता आहे आणि इतर मालमत्तेसारखीच ती विषम वाटली गेली आहे.

आमचा महिना

आमच्या वस्तीतल्या विहारात एक अभ्यासिका चालते. वर्षावासाच्या काळात महाराष्ट्रातल्या असंख्य विहारांप्रमाणे इथेही रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचनाला लोक जमतातच, तर त्याला लेखनाची जोड द्यावी, असे ठरले. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून श्रावण पौर्णिमेपर्यंत 30 दिवस. आम्ही 14 जण होतो : 8 मुली आणि स्त्रिया, 6 मुलगे. कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, कुणी दुकानात काम करणारे, दोघी धुणीभांडी करणाऱ्या, एक अंगणवाडी मदतनीस, बाकी कॉलेजचे.

नियम तीनच. पहिला, रोज वहीचे एक पान. दुसरा, पानाच्या वर तारीख, वार आणि वेळ. तिसरा, ज्या दिवशी लिहिणे झाले नाही, त्या दिवसाच्या जागी दुसऱ्या दिवशी 'खाडा' असे लिहून कारण एका ओळीत नोंदवायचे. दर रविवारी एकत्र बसून एकमेकांना वाचून दाखवायचे.

खाडा हा शब्द आमच्या घरांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. कारण काय, हे मुकादम विचारत नाही. आम्ही ठरवले की आपल्या वहीत कारण विचारले जाईल, कारण खाड्यातच खरी गोष्ट असते.

महिना संपला तेव्हा हिशेब केला. चौदा जणांची तीस दिवसांची 420 पाने व्हायला हवी होती. झाली 291. म्हणजे 129 खाडे. त्यातले 92 खाडे आठ स्त्रियांचे आणि 37 सहा मुलग्यांचे. तीसच्या तीस पाने भरणारे फक्त तिघे निघाले. हा आकडा एखाद्या प्रेरणादायी वक्त्याच्या हाती दिला, तर तो म्हणेल, तीन जिंकले आणि अकरा हरले. आम्ही तो वेगळा वाचला.

धडा पहिला : चुकलेला दिवस हाही पुरावा आहे

ते तिघे कोण होते? एकाच्या घरात वरची पत्र्याची खोली त्याची एकट्याची होती. दुसऱ्याची नोकरी ठरलेल्या वेळेची, सहाला सुटणारी. तिसरी सरकारी वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी. तिला स्वयंपाक करावा लागत नाही, पाणी भरावे लागत नाही आणि तिच्या वाट्याला एक टेबल आणि एक दिवा आहे. तिघेही मेहनती आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण उरलेले अकरा काय आळशी होते?

त्यांचे खाडे वाचा. 'टँकर रात्री साडेबाराला आला.' 'मालकिणीकडे पाहुणे, दहाला घरी.' 'धाकट्याला ताप, सरकारी दवाखान्यात रांग.' 'लाईट नव्हती.' 'आईचा हात भाजला, सगळे माझ्यावर.' 'दुकानात माल उतरवायचा होता, जादा पाळी, जादा पैसे नाहीत.' 'बाबा पिऊन आले, वही लपवली.' ही शेवटची ओळ रविवारी वाचली गेली तेव्हा कुणी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी आणखी दोघींनी तसेच खाडे वाचून दाखवले.

आमच्यापैकी काहींनी विद्यापीठात समाजशास्त्र शिकताना वेळ-वापराच्या पाहण्यांबद्दल वाचले होते. स्त्रियांच्या वाट्याला येणारे बिनमोलाचे घरकाम हा अभ्यासाचा विषय आहे, हे परीक्षेपुरते माहीत होते. पण आपल्याच घरातल्या बहिणीचे अकरा-बारा दिवस कुठे गेले, हे तिच्याच अक्षरात तारखेसह समोर आले, तेव्हा त्या विषयाला चेहरा आला. दोन भावांनी त्यानंतर रात्रीचे पाणी भरायचे काम आपल्याकडे घेतले आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्या बहिणींचे खाडे कमी झाले. इच्छाशक्ती वाढली म्हणून नव्हे, हंडे कमी झाले म्हणून!

म्हणून लिहिण्याची जागा, दिवा आणि वेळ यांची मागणी ही राजकीय मागणी आहे. बाबासाहेबांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 1925 मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. त्याआधी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची चळवळ उभी केली होती. नुसते 'शिका' म्हणून भागत नाही, शिकणाऱ्याला टेकायला भिंत लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज वसतिगृहाची यादी लांबली, स्वाधारचा हप्ता रखडला की आपण शिक्षण अडले म्हणतो. त्याच्यासोबत एका पोरीची लेखणीही अडलेली असते.

धडा दुसरा : साठा संपला की लेखन सुरू होते

पहिल्या आठवड्यातल्या वह्या एकमेकींच्या नकला वाटाव्यात इतक्या सारख्या होत्या. बाबासाहेबांचे उपकार, संविधानाचे महत्त्व, मनुवादाचा धिक्कार, समाजाने एक व्हावे. यातले काही खोटे नाही. पण ते आपल्या भाषणांतून, बॅनरवरून आणि जयंतीच्या स्टेजवरून आपल्या तोंडी बसलेले आहे. सात-आठ पानांत हा साठा संपतो. आठव्या-नवव्या दिवशी जवळपास प्रत्येकाने म्हटले, 'आता काय लिहू?'

दोन दिवसांच्या खटाटोपाला ही अडचण येत नाही, आणि महिनाभर लिहिण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. घोषणा संपल्या की माणसाला आपल्या गल्लीकडे बघावे लागते.

एका कॉलेजच्या मुलीने काहीच सुचेना म्हणून वडिलांचे कामावर जाणे-येणे लिहायला सुरुवात केली. वडील ठेकेदाराकडे सफाई कामगार. आज पाच पंचवीसला गेले. अमुक नाल्यावर होते. हातमोजे नाहीत. तीनला आले. आज रविवार असून बोलावले. ती हे साधेसुधे, कुठलेही विशेषण न लावता लिहीत राहिली. शिवाय वडिलांना विचारून मागच्या दिवसांची कामे आठवणीने नोंदवली. महिन्याची मजुरी हातात आली तेव्हा ठेकेदाराच्या हजेरीत 22 दिवस होते आणि मुलीच्या वहीत 26. चार दिवस कुठे गेले?

दरवेळी हे चार दिवस कुठे तरी जातच असणार. कामगाराला ते जाणवते, पण 'मला वाटते' आणि 'ही बघा तारीख' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वही घेऊन बाप-लेक आणि आम्ही काही जण ठेकेदाराकडे गेलो. दोन दिवसांची मजुरी मिळाली. दोन दिवसांवर वाद चालू आहे आणि लेखी तक्रार दिली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या टोळीतल्या आणखी पाच कामगारांच्या घरी आता अशी वही सुरू झाली आहे. मुलीची वही हा काही कायद्याच्या भाषेत अखेरचा पुरावा नव्हे. पण तिच्यामुळे तक्रारीत दिवस, जागा आणि वेळ आली, आणि तपशील असलेली तक्रार 'बघू' म्हणून कोपऱ्यात टाकणे अवघड जाते.

अत्याचाराच्या प्रकरणांत धावपळ करणारा कुठलाही कार्यकर्ता हे सांगेल. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हाती आहे. पण प्रसंग कधी, कुठे, कुणादेखत घडला, फिर्याद द्यायला उशीर का झाला, यावरच समोरचा वकील बोट ठेवतो. भेदरलेले कुटुंब तारखांत गोंधळते आणि त्या गोंधळाचा फायदा आरोपीला होतो. ज्या वस्तीत रोज लिहिणारी चार माणसे आहेत, त्या वस्तीत घटनेची नोंद त्याच रात्री होऊ शकते.

धडा तिसरा : आपली भाषा 'अशुद्ध' नाही

दहाव्या दिवसाच्या सुमारास दोघींनी वही देणे थांबवले. कारण विचारले तर म्हणाल्या, 'आमचं लिहिणं चुकीचं येतं.' शाळेत लाल शाईने गोल केलेले 'आनि' आणि 'पानी' त्यांना वीस वर्षांनीही विसरता आले नव्हते. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लिहिणे-वाचणे होते, त्यांची बोली प्रमाण ठरली आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांची बोली चूक ठरली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आपल्याकडे त्याला साळसूदपणे 'शुद्धलेखन' म्हणतात.

आपला साहित्याचा इतिहास या भीतीला उत्तर देतो. शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचे नावच 'माज्या जल्माची चित्तरकथा' आहे. दया पवारांचे 1978 चे 'बलुतं' घ्या. आधी शुद्ध होऊ आणि मग लिहू, असे म्हणत ही माणसे थांबली असती तर मराठी साहित्याचे काय झाले असते? फलटणला किराणा दुकान चालवता चालवता बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून लपवून लिहिले, कित्येक वर्षे वह्या दडवून ठेवल्या, आणि मग 'जिणं आमुचं' जगासमोर आले. शर्मिला रेगे यांनी 2006 च्या आपल्या ग्रंथात दलित स्त्रियांच्या अशा आत्मकथनांचा अभ्यास 'साक्ष' म्हणून केला. साक्ष देणाऱ्याचे ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे नसतात, ती काय सांगते ते ऐकायचे असते.

म्हणून आम्ही नियम केला : पहिल्या लिहिण्यात कुणीही कुणाचे शुद्धलेखन सुधारायचे नाही. अर्ज, तक्रार किंवा छापायचा लेख असेल तेव्हा प्रमाण भाषेत एकत्र बसून बसवू. प्रमाण भाषाही आपण मिळवायचीच आहे, ती कुणाच्या बापाची नाही. पण ती उंबरठ्यावर पहारेकरी म्हणून नको. त्या दोघींच्या वह्या तिसऱ्या आठवड्यात परत आल्या, आणि रविवारच्या वाचनात सर्वांत जास्त ऐकल्या गेल्या.

धडा चौथा : सलग चालण्यापेक्षा पुन्हा सुरू करणे मोठे

आता एका जुन्या आक्षेपाचा समाचार घेऊ. वस्तीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला म्हणाले, 'पोरांनो, वह्या भरून काय होणार? आम्ही रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या.' त्यांच्या लाठ्यांचा आम्ही आदरच करतो. पण रस्ता आणि वही यांत निवड करायला आपल्याला कुणी सांगितले? महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 19 आणि 20 मार्च 1927 रोजी झाला. 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक 3 एप्रिल 1927 रोजी निघाला. मध्ये अवघे दोन आठवडे! तळ्यावर जे घडले ते विरोधकांच्या पत्रांतूनच जगाला कळावे, हे बाबासाहेबांना मान्य नव्हते. रकानेच्या रकाने त्यांनी स्वतः लिहून काढले, तेही वकिली, संघटना आणि संसार सांभाळून.

आणि सलगपणाचे म्हणाल तर बाबासाहेबांच्या पत्रांचा इतिहास डोळसपणे वाचा. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू झाले. ते दैनिक नव्हते, पाक्षिक होते, कारण साधने तेवढीच होती. त्याच वर्षी बाबासाहेब उरलेल्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पुढे पत्र बंद पडले. 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' आले, तेही पैशांच्या ओढाताणीत 1929 साली थांबले. 1928 मध्ये 'समता', 1930 मध्ये 'जनता' आणि 4 फेब्रुवारी 1956 पासून 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत'. एक बंद पडले की दुसरे. रोज लिहिण्याची साखळी तुटली की खेळ संपला, असे मानणारा हा इतिहास नाही. बंद पडणे हे गरिबीचे आणि बहिष्काराचे लक्षण होते, पुन्हा सुरू करणे हा निर्धार होता. आपल्या परंपरेत शिस्त या शब्दाचा अर्थ हा आहे.

त्याच्याही मागे जा. 1855 साली फुले दाम्पत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचे त्यानंतरचे लेखन आपल्या हाती नाही. एका निबंधाने ती आजपर्यंत बोलते आहे. तिला पुढे लिहायला किती वेळ मिळाला असेल, किती वह्या कुठे गेल्या असतील, हा प्रश्न स्वतःला विचारा, म्हणजे आपल्या खाड्यांचे मोल कळेल.

मग करायचे काय?

आमचे सांगणे थोडक्यात असे. एकट्याने तीस दिवसांचा विक्रम करण्यापेक्षा वस्तीने तीस दिवसांची नोंद करावी. सात जण असतील तर प्रत्येकाने रोज लिहायचा प्रयत्न करावा, पण प्रत्येक दिवसाची जबाबदारी एकाची असावी. त्याला अडचण आली तर दुसऱ्याने त्याची पाळी उचलावी. व्यक्तीचा खाडा पडेल, वस्तीचा पडता कामा नये.

तारीख, वार, वेळ आणि जागा यांच्याशिवाय पान पुरे मानू नये. खाड्याचे कारण लिहावे, आणि महिन्याच्या शेवटी त्या कारणांवर बैठक घ्यावी. टँकरचे खाडे नगरपालिकेकडे न्यायचे आहेत, जादा पाळीचे मालकाकडे, आणि हंड्यांचे, चुलीचे, दारूचे खाडे आपल्याच घरी. हा शेवटचा मोर्चा सगळ्यात अवघड आहे. त्यात घोषणा देऊन भागत नाही, भावाने उठून भांडी घासावी लागतात.

दुसऱ्याच्या दुःखाबद्दल लिहिताना त्याला विचारावे. पीडितेचे नाव-गाव आपल्या वहीतून बाहेर जाता कामा नये. जे लिहिले ते सगळे मोबाईलवर फिरवलेच पाहिजे, असे नाही. आमच्या अनुभवात टाळ्या आणि अंगठे यांच्यासाठी लिहिलेले पान आठवड्यात शिळे झाले, रविवारी दहा माणसांत वाचलेले पान टिकले. महत्त्वाच्या पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवावेत, कारण पत्र्याच्या घरात पहिली भिजते ती वही.

आणि विहार, समाजमंदिर, अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी. जयंतीच्या डीजेला आपण वर्गणी काढतो. तिच्यातल्या थोड्या भागात चार टेबले, चार दिवे आणि शंभर वह्या येतात.

आमच्या समाजाबद्दल हजारो वर्षे इतरांनी लिहिले. त्यांच्याकडे वेळ होता, कारण आपले श्रम त्यांच्याकडे होते. आज आपल्या हाती अक्षर आहे, पण वेळ अजून पुरता आपला नाही. तो मिळेल तेव्हा लिहू म्हणून थांबायचे नाही, आणि मिळत नाही म्हणून स्वतःला दोषही द्यायचा नाही. जेवढा मिळाला तेवढा लिहायचा, जेवढा हिरावला गेला तेवढाही लिहायचा, आणि कुणी हिरावला त्याचे नाव घालायचे.

येत्या पौर्णिमेपासून तुमच्या वस्तीत सुरुवात करा. पहिल्या पानावर तारीख टाका.

जय भीम!